दादाचा खुंट

माझ्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. एक मुलगा, एक मुलगी, आणि दोघांचा आवाज असा की शेजारच्यांनी खिडक्या बदलून घेतल्या. आमची ही लेकीच्या मदतीला म्हणून महिनाभरासाठी गेली, ती तिकडेच अडकली. घरात उरलो मी आणि माझी वहिनी. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. मी शेंबडा असताना ती या घरात आली. माझं नाक तिने पुसलंय, तरी जन्मभर मला 'भाऊजी, तुम्ही' असंच म्हणाली. मी मात्र तिला अगं-तुगं करायचो.

दादा त्याच्या काही वर्षं आधी होडी घेऊन गेला, तो आला नाही. होडी सापडली, पालथी. तो सापडला नाही. शोधणारे थकले, मग थांबले. त्यामुळे जिथे जाऊन माणसाने जरा वेळ गप्प उभं राहावं, असं त्याचं ठिकाण आमच्याकडे नव्हतं. होता तो खाडीतला त्याचा खुंट.

खुंटाचं आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आमचा धंदा शिंपले वेचायचा. ओहोटी लागली की खाडीचा तळ उघडा पडतो, पार पलीकडच्या खडकापर्यंत. लांबून बघणाऱ्याला वाटतं, सारवलेलं अंगण आहे, चालत जावं. पण त्यात घट्ट वाळूची एक दांडी असते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना असा गाळ की माणूस मांडीपर्यंत आत जातो आणि आयुष्यात काय काय चुकलं त्याचा विचार करत तिथेच उभा राहतो. दांडी एका जागी राहत नाही. दर वर्षी वादळाचे महिने झाले की ती सरकलेली असते, कधी हातभर, कधी ओळखू न येण्याइतकी.

म्हणून आमच्यात प्रत्येक वेचणाऱ्याचा एक खुंट. साधं लाकूड, ठोकल्यावर माणसाच्या खांद्याएवढं वर राहणारं, खाली टोक केलेलं. वादळं संपली की सगळ्यांनी मिळून खाडीत उतरायचं, आपापला खुंट उपटायचा, खरवडून साफ करायचा, पायाने चाचपत नवी दांडी शोधायची आणि तिच्या कडेने खुंट ठोकत जायचं. मग वर्षभर त्या रांगेच्या आतून चालायचं. ज्याचा खुंट त्यानेच ठोकायचा. चुकीच्या जागी ठोकला तर शिव्या कोणाला घालायच्या हे ठाऊक असावं लागतं.

फक्त मेलेल्याचा खुंट हलवत नाहीत. तो होता तिथे राहतो, पडेपर्यंत. नव्या माणसाला वाटतं, ही मान द्यायची रीत आहे. मान आहेच, पण माझा बाप त्यातली खरी मेख सांगायचा. "जिवंत माणूस आपला खुंट सांभाळतो," तो म्हणायचा. "डगडगला की बुडाशी दगड लावतो, झुकला की सरळ करतो. म्हणून जिवंत माणसाचा खुंट खोटं बोलू शकतो. मेलेला काही सांभाळायला येत नाही. त्याचा खुंट उभा असेल तर तो जमिनीने धरलाय."

त्यामुळे वाट आखताना आम्ही मेलेल्यांचे खुंट बघायचो. उभा असेल तर त्याच्या जवळून बिनघोर जायचं. झुकला की जरा लांबून. पडला की तो गाळाला द्यायचा आणि ती बाजू सोडायची. पुन्हा तिकडे कोणी फिरकायचं नाही.

दादाचा खुंट अर्ध्या वाटेवर, दांडी जिथे वळते तिथे होता. वहिनी ओहोटीला त्याच्या जवळून जायची. थांबायची नाही, बोलायची नाही. जाता जाता डाव्या हाताने त्याच्या माथ्याला हात लावायची, झोपलेल्या पोराच्या डोक्याला लावतात तसा, आणि पुढे जायची.

तोवर शिंपले कमी झाले होते आणि फिरायला येणारे वाढले होते. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात खाडी दाखवणारं एक केंद्र निघालं. जाड भिंती, जमिनीत पाणी वाहून जायच्या पन्हळी, बर्फाच्या लाद्या ओढायचे लोखंडी आकडे छताला तसेच लटकलेले. त्या आकड्यांना आता लोकांच्या टोप्या आणि पिशव्या. शहरातली माणसं यायची, बूट काढून चिखलात चालायची आणि त्याचे पैसे द्यायची. वहिनीला पहिल्यांदा हे खरंच वाटेना. "चिखल तुडवायला पैसे? मग मी आजवर तुडवला त्याचं काय?" पण केंद्राने तिला वाट दाखवायला बोलावलं, ती गेली, आणि रमली. तिला माणसं आवडायची. शिंपले बोलत नाहीत, ही तिची जुनीच तक्रार होती.

चालताना पुढे वहिनी, सगळ्यांच्या मागे मी. पुढच्याला आमच्यात डोकं म्हणतात, मागच्याला शेपूट. डोक्याने मागे वळून बघायचं नाही. नजर जमिनीवरून हलली की वाट हातची गेली. म्हणून डोकं अधूनमधून हाक मारतं, "शेपूट?" आणि शेपटाने ओरडायचं, "आहे." शेपूट आहे म्हणजे मधले सगळे आहेत. शहरातल्या लोकांना याची फार मौज वाटायची. एका वकिलाने विचारलं, "आणि शेपटाने उत्तर दिलं नाही तर?"

"तर डोकं चालता चालता विचार करतं," वहिनी म्हणाली, "घरी जाऊन शेपटाच्या बायकोला काय सांगायचं त्याचा."

मधे दोघं असायची. एक खाडीचा अभ्यास करणारी बाई. तिच्याकडे एक लोखंडी सळी, तिच्यावर खुणा केलेल्या. ती सळी गाळात खुपसायची आणि किती आत गेली ते बघायची. वहिनीने तिचं नाव मोजणीबाई ठेवलं. दुसरा एक चित्रकार. तो चालणाऱ्यांना मधेच बसवायचा, हातात कागद द्यायचा आणि सांगायचा, रंग नाहीत, पायाखालचा चिखल घ्या आणि बोटाने काढा. वहिनी त्याला रंगारी म्हणायची. "मावशी, रंगारी भिंती रंगवतो," त्याने एकदा समजावून बघितलं. "मग आमची मागची भिंत कधी घेतोस?" वहिनीने विचारलं. त्याने खरंच येऊन रंगवून दिली. ओहोटीची खाडी, सगळी करड्या रंगात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. वहिनी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "चांगली आहे. पैसे दिले असते तर एखादा रंग तरी वापरला असतास."

मोजणीबाई हुशार होती आणि ऐकून घेणारी होती. या दोन गोष्टी एका माणसात मी फार वेळा बघितल्या नाहीत. माझ्या बापाचं म्हणणं मी तिला सांगितलं तेव्हा ती मान हलवून गप्प बसली नाही. कितीतरी ओहोट्या ती मेलेल्यांच्या खुंटांपाशी जाऊन सळी टोचत राहिली. उभ्या खुंटापाशी सळी थोडीच जायची, झुकलेल्यापाशी सरसर. "तुमच्या वडिलांचं बरोबर आहे, काका," ती म्हणाली, आणि ते केंद्राच्या नियमात घातलं. खाडीत उतरायच्या पायरीपाशी पाटी लागली, 'मेलेल्याचा खुंट उभा, तिथे वाट घट्ट.' पाटी मी लिहिली. अक्षरं मी पन्नाशी उलटल्यावर शिकलो, त्यामुळे शेवटचा शब्द पाटीच्या काठाला जाऊन जरा चेंगरलाय.

वहिनी पाटीकडे बघून मोजणीबाईला म्हणाली, "आम्हाला माहीत होतं तेव्हा ते नुसतं ज्ञान होतं. तू सळी घातलीस की विज्ञान झालं. सळीचाच काय तो फरक."

"मावशी, सळीला पगार मिळतो," मोजणीबाई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

त्या वर्षीची वादळं वाईट होती. दांडी पुष्कळ सरकली. मेलेल्यांचे बरेचसे खुंट पडले, माझ्या बापाचासुद्धा. दादाचा उभा राहिला. आम्ही सगळ्यांनी त्यावर विश्वास ठेवून वाट पुन्हा त्याच वळणावरून आखली. मला तो जरा बुटका वाटला. पूर्वी खांद्याला लागायचा, आता कमरेच्या थोडा वर.

"वहिनी, दादाचा खुंट खचल्यासारखा वाटतो."

"वय झालं की सगळेच खचतात, भाऊजी. तुम्ही आरशात बघत नाही का?"

मी हसलो आणि विसरलो. मोजणीबाईनेही विचारलं होतं. वळणापाशी तिची सळी आता जास्त खोल जायला लागली होती.

"खुंट उभा आहे ना?" वहिनीने उलट विचारलं.

"आहे."

"मग तुझी सळी भुकेली असेल."

मोजणीबाई ओठ चावत उभी राहिली. शेवटी म्हणाली, "नियम आपणच केलाय. खुंट उभा आहे तर वाट इथूनच." पुढच्या उधाणाच्या ओहोटीला, म्हणजे खाडी सगळ्यात जास्त उघडते तेव्हा, शाळेची मुलं यायची होती. त्यांची वाटही तिने याच वळणावरून धरली.

मुलांच्या आधीची नेहमीची एक फेरी होती, मोठ्या माणसांची. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला. वळणापाशी मोजणीबाईने सगळ्यांना थांबवलं आणि खुंटांवरची पांढरी टोकदार कवचं दाखवली. ही कवचं म्हणजे आत जिवंत जीव असतो, लाकडाला, दगडाला, होडीच्या तळाला चिकटून जन्म काढतो.

"हे जीव किती उंचीवर चिकटतील हे पाणी ठरवतं," ती म्हणाली. "जिथवर रोज पुरेसा वेळ पाणी चढतं, तिथवरच. त्यामुळे सगळ्या खुंटांवरची वरची रेघ बघा. कोणी दोरी ताणून आखल्यासारखी एका पातळीत आहे."

लोकांनी वाकून बघितलं. खरंच होतं. मीही शेपटाची जागा न सोडता बघितलं. आयुष्य त्या खुंटांत गेलं, पण ती रेघ मी अशी कधी पाहिली नव्हती.

मग एक जण म्हणाला, "याची रेघ नाही जुळत."

तो दादाच्या खुंटाकडे बोट दाखवत होता. त्याच्यावरची कवचं जुनी, दाट, पण त्यांची वरची रेघ बाकीच्यांपेक्षा हातभर खाली. खालची तर गाळातच गेलेली.

मोजणीबाई जवळ गेली. "हा खाली गेलाय," ती हळू म्हणाली. "पण आपोआप गेला असता तर तिरपा झाला असता. हा सरळ खाली गेलाय. असं कसं होईल?"

मी खुंटाचा माथा बघितला. मेलेल्याच्या खुंटाचा माथा उन्हापाण्याने करडा आणि गुळगुळीत होतो. याचा माथा फुटून त्याचे तंतू चघळलेल्या काडीसारखे बाहेर आले होते, आणि आतलं लाकूड पिवळं, ताजं. कोणीतरी वरून घाव घातले होते. मी पुढे वहिनीकडे बघितलं. डोकं वळत नाही, तशी ती वळली नव्हती. फक्त तिची मान ताठ झाली होती.

मी तोंड उघडतोय तोवर रंगाऱ्याला ती खाली गेलेली रेघ बाजूने बघायची होती. खुंट उभा, वाट घट्ट, या भरवशाने तो कागद लावलेला पुठ्ठा हातात घेऊन खुंटाच्या पलीकडे दोन पावलं गेला, आणि तिसऱ्याला मांडीपर्यंत आत गेला. तोल सावरायला दुसरा पाय टाकला, तोही गेला.

"हलू नकोस," मी ओरडलो. शेपटाच्या पाठीला नेहमी एक फळी बांधलेली असते. ती सोडून मी गाळावर सरकवली. मोजणीबाईने लोकांना दांडीवर एका रांगेत बसवलं आणि स्वतः फळीवर पोटावर झोपून त्याचा हात धरला. "मागे झोप," ती त्याला सांगत होती. "खुर्चीत बसल्यासारखा. पाय ओढू नकोस, ढवळ. पाणी आत जाऊ दे."

तेवढ्यात माझ्या शेजारून कोणीतरी गेलं. वहिनी होती. ती मागे वळून पळत आली होती. इतक्या वर्षांत तिला खाडीत मागे वळताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिने फळीचं टोक दाबून धरलं.

रंगारी बाहेर आला. वेळ लागला, आणि शेवटी शेवटी भरतीचं पाणी गाळातल्या चरांतून सरकताना दिसायला लागलं होतं, पण आला. कागद गेले. तो दांडीवर आडवा पडून धापा टाकत म्हणाला, "मोजणीबाई, लिहून घ्या. मांडीपर्यंत." लोक हसले, भ्यालेली माणसं हसतात तसे. वहिनी हसली नाही. तिने त्याच्या पायांवरचा चिखल ओंजळीने पाणी घेऊन धुतला, दोन्ही पायांवरचा, बोटांच्या बेचक्यांतलासुद्धा. मग उठून पुढे गेली आणि आम्हाला घरी आणलं. परतीच्या वाटेवर तिने हाक मारली, "शेपूट?" आवाज नेहमीसारखा नव्हता. मी म्हणालो, "आहे."

घरी आल्यावर मी मागच्या दाराआड बघितलं. लाकडी मोगरी तिथे उभी असते. वर्षातून एकदा, खुंट ठोकायला बाहेर काढायची, एरवी तिच्यावर कोळी जाळं विणतो. मोगरीला ओलसर करडा गाळ लागलेला होता. मी ती आणून स्वयंपाकघरात टेबलाला टेकवून ठेवली. वहिनी चहा गाळत होती. तिने मोगरीकडे बघितलं, दोन कप भरले, माझ्यापुढे एक ठेवला आणि बसली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मागच्या खेपेच्या वादळांनंतर झुकला होता. जरासाच. मी म्हटलं, एकदाच ठोकू." तिने कप फिरवला. "एकदा ठोकलं की पुन्हा ठोकावं लागतं. तुम्ही बाजारात गेलात की जायची."

"हलवून खुंट बळकट करतात ते ऐकलं होतं. तू ठोकून केलास."

तिला हसू आलं नाही. मलाही नाही. नळ ठिबकत होता. तो मी महिनाभर उद्या करू म्हणत होतो.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमचा भाऊ गेला तेव्हा मी इथेच, याच मोरीत भांडी घासत होते. मला कळलंही नाही. गाणं म्हणत होते, तेसुद्धा आठवतंय. आता तो खुंट पडला की वाट लांबून जाणार. तिकडे पाय टाकता येणार नाही. मग मी हात कशाला लावायचा? या भिंतीला?"

माझाही भाऊ होता तो. पण मी त्याच्या खुंटाला हात लावत नव्हतो, बाजूने जाताना फक्त बघायचो, आणि मला वाटायचं तेवढं पुरतं.

"मुलं यायची आहेत," मी म्हणालो.

"माहीत आहे मला."

"तू सांगतेस की मी सांगू?"

"तुम्ही कोण सांगणारे? खुंट माझ्या नवऱ्याचा." तिने कप उचलला, तो गार झाला होता, तरी प्याली. "त्या रंगाऱ्याने मला काही विचारलं नाही आज. विचारलं असतं तर बरं झालं असतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही बर्फाच्या कारखान्यात गेलो. मोजणीबाई खिडकीखालच्या टेबलावर गाळाच्या बाटल्या लावत होती. रंगारी पाय खुर्चीवर टाकून बसला होता, गुडघा सुजला होता. वहिनी बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "तो खुंट जमिनीने धरलेला नाही. मी ठोकते. झुकला की ठोकते."

मोजणीबाईच्या हातात बाटली होती. ती तिने हलकेच खाली ठेवली. छताचा एक आकडा वाऱ्याने कुरकुरत होता.

"कधीपासून, मावशी?" मोजणीबाईने विचारलं, आणि वहिनीने सांगितलं.

"म्हणजे वळणावरची तेव्हापासूनची सगळी मोजणी बाद करायला हवी." मोजणीबाई रागावली होती, पण आवाज चढला नव्हता. "मोजणीचं सोडा. माझी सळी मला सांगत होती. मी खुंटाचं ऐकून सळीला खोटं ठरवलं. त्याच वाटेने मी मुलं नेणार होते."

"सळी खरी होती," वहिनी म्हणाली. "खुंटही खराच होता, पहिल्यांदा झुकला तेव्हा त्याने सांगितलं होतं. मधे मी आले."

मोजणीबाईने खुर्ची ओढली आणि या वेळी वहिनी बसली.

रंगारी खाली बघत होता. म्हणाला, "मावशी, पडायच्या आधी मी त्याचं चित्र काढून देतो. जसा उभा आहे तसा. घरी लावा."

"नको."

"का?"

"चित्रातला खुंट पडत नाही. मग मी रोज तेच बघत बसेन, आणि परत तेच होईल." मग म्हणाली, "पडल्यावर काढ. तिथे आता काही नाही, असं काढ."

"काही नाही ते काढणं फार अवघड असतं."

"मग काय, भिंतीसारखं सोपं काम तुला जन्मभर कोण देणार?"

तो हसला. मोजणीबाईचे ओठही जरा हलल्यासारखे झाले.

बाहेर पडताना वहिनी मला म्हणाली, "यापुढे तुम्ही पुढे. वाटेशी खोटं वागलेल्याने डोकं व्हायचं नाही. कुठे लिहिलेलं नाही, पण आहे." मी वाद घातला नाही. घातला असता तरी तिने ऐकलं नसतं, आणि बरोबर तीच होती.

त्यानंतर ती प्रत्येक ओहोटीला जायची आणि मी बरोबर जायचो. मोगरी दाराआडच राहिली. खुंट रोज थोडा थोडा झुकत गेला. आम्ही जरा लांब, घट्ट वाळूवर थांबायचो, तिथून हात पोचायचा नाही. "मी आलेच पाहिजे असं नाही," मी एकदा म्हणालो, गुडघे दुखत होते म्हणून. "या वेळी मी भांडी घासत बसणार नाही," ती म्हणाली. "तुम्हाला बसायचं तर बसा."

उधाण यायच्या दोन दिवस आधी, दुपारी, भरतीचं पहिलं पाणी गाळावरून पसरत आलं. पातळ, चहाच्या सायीएवढं. ते खुंटाच्या बुडाशी पोचलं आणि खुंट आडवा झाला. आवाज काही झाला नाही. कवचांची बाजू वर आली, मग तीही पाण्याखाली गेली.

वहिनी बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही, ते बरं दिसलं नसतं.

"पडला," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "चला भाऊजी. पाणी येतंय."

मुलं आली तेव्हा वाट नव्याने आखून झाली होती. पाय मी टाकायचो, सळी मोजणीबाई टाकायची, आणि दोन्ही जुळल्याशिवाय पुढे सरकायचं नाही असं ठरलं होतं. तिचं आणि माझं दोनदा जुळलं नाही. एकदा ती बरोबर निघाली, एकदा मी. वळण आता पुष्कळ लांबून जायचं. पुढे मी चाललो. आयुष्यभर लोकांच्या पाठी बघितलेल्या माणसाला पुढे काहीच नसलं की चुकल्यासारखं होतं.

"शेपूट?" मी हाक मारली.

"आहे," मागून वहिनी ओरडली. मग मुलांनाच ते हवं झालं आणि सगळी खाडी 'आहे आहे' करत राहिली.

माझ्या मागे चालणारी एक मुलगी म्हणाली, "आजोबा, सरळ गेलं तर जवळ पडेल की. आपण उगाच वळसा घेतोय."

"तिकडे माझ्या भावाचा खुंट होता. तो पडला."

"मग नवीन लावा ना."

"त्याचा त्यालाच लावावा लागतो," मी म्हणालो. तिने जरा विचार केला, आणि पुढचा प्रश्न मोजणीबाईला विचारला, चिखलात किडे किती असतात त्याचा.

रंगाऱ्याने ते चित्र नंतर काढलं. त्याला फार दिवस लागले. केंद्रात आकड्यांच्या मधल्या भिंतीवर आहे. लोक विचारतात, हे कशाचं आहे, आणि मोजणीबाई सांगते. पाटीही मी पुन्हा लिहिली. पहिल्या ओळीखाली वहिनीने सांगितलेली दुसरी ओळ आहे, 'कोणी ठोकत नसेल तर.' मला ती घालायची नव्हती. "घाला," ती म्हणाली. "लोक हसतील. हसले की लक्षात ठेवतात."

ती अखेरपर्यंत शेपूट होती आणि चांगली होती. लोकांना मागून गोष्टी सांगायची, त्यामुळे रांग हळू चालायची आणि मला पुढे जाऊन थांबावं लागायचं. आमची ही परत आली तेव्हा नळ दुरुस्त झालेला बघून तिला संशय आला.

वहिनीचा खुंट आता खडकाजवळ, रांगेत शेवटचा आहे. मोजणीबाई दर ओहोटीला तिथे सळी टाकते. मी त्याला हात लावत नाही. अजून उभा आहे.

वहिनी पुढच्या वर्षी वारली, वादळाचे महिने लागायच्या आधी, जुळं धरून धरून चालायला लागलं होतं त्या सुमाराला. सकाळी, झोपेतच गेली. मी आणि आमची ही, आम्ही दोघं घरात होतो.